आपत्तीतली मदत म्हणजे फुंकलेला पैसा?

सडेतोड
'आपत्तीच्या वेळची देणगी म्हणजे भावनेच्या भरात फुंकलेला पैसा. शहाण्याने शाळा आणि विहिरींनाच द्यावे,' हे इथले कालचे मत वाचून राहवले नाही. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांतून पाजायला लावले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले. विहीर खणून होईपर्यंत थांबा, असे त्या रुग्णांना आपण सांगणार होतात का?

दूरचा
ते मत माझेच आहे आणि आपले उदाहरणही माझ्याच बाजूचे आहे. तोंडावाटे असे पाणी देण्याच्या चाचण्या ढाक्याच्या प्रयोगशाळेत 1968 मध्येच झाल्या होत्या. आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर 1970 च्या चक्रीवादळात किमान 3 लाख माणसे दगावली, तर 2007 च्या 'सिद्र'मध्ये सुमारे 3,400. मधल्या काळात पूर्वसूचना, स्वयंसेवक आणि पक्के निवारे उभे राहिले, मात्र निवाऱ्याचे छायाचित्र पाहून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

गाठोडे
आपण दोघे पैशांबद्दल भांडता आहात, मी कपड्यांबद्दल बोलतो. एका पुरानंतर मदत केंद्रात मी नऊ दिवस फक्त गाठोडी सोडत होतो. एका पोत्यात सगळे डाव्याच पायाचे बूट निघाले, तर दुसऱ्यात बुरशी आलेले लोकरी कोट. औषधांची खोकी मात्र बाहेर भिजत होती, कारण कपडे आधी पोहोचले होते.

सडेतोड
इथे कपड्यांचा काय संबंध?

गाठोडे
संबंध असा, की देणारा स्वतःच्या समाधानासाठी देतो. 2004 च्या सुनामीनंतर 'मेदसाँ साँ फ्राँतिए' या डॉक्टरांच्या संस्थेने काही दिवसांतच, सुनामीसाठी पुरेसे पैसे आले, आता ते इतरत्र वापरू द्या, असे देणगीदारांना सांगितले. एवढा प्रामाणिकपणा कितीजण दाखवतात?

माळ्यावरची
आई गेल्यावर तिचे कपडे मी धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून पुरासाठी दिले होते. तेही कचरा आणि तेही माझ्या समाधानासाठी, असे आपल्याला म्हणायचे असेल तर स्पष्ट म्हणा.

गाठोडे
आपले कपडे कचरा नव्हते. परंतु ते कुणाला व्हायचे, हे ठरवण्यासाठी एक माणूस दिवसभर बसवावा लागतो आणि त्या दिवशी तो माणूस मी होतो.

दूरचा
पहिल्या काही दिवसांची मदत विहिरीतून येत नाही, एवढे मान्य करतो. सडेतोड यांनी हवे तर हे वाक्य चौकटीत लावावे. पण ती पोहोचवणारे स्वयंसेवक वादळाच्या आदल्या रात्री तयार होत नाहीत, त्यांना वर्षानुवर्षे पोसावे लागते.

सडेतोड
चौकट घेतली आहे. स्वयंसेवकांचा मुद्दा बरोबर आहे, दुर्दैवाने.

माळ्यावरची
आईच्या कपड्यांत एकही लोकरी कोट नव्हता, एवढे नोंदवून मी इथून निघते.