उत्तर : उत्तर : डिसेंबरात सोलापूरला डे-हाईक?

अक्का, न्यू जर्सी

मंडळी, नाताळच्या सुट्टीत आपले २२ जण गावाकडं येतायत. इथं आपण डेलावेअर वॉटर गॅपला जातो ना, तशी एक दिवसाची चाल सोलापुरात निघेल का? वाटाड्या बरोबर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. इथं झाडांवर रंगाचे पट्टे मारलेले असतात, त्यावरून वाट कळते. तिकडं काय खुणा आहेत? मुलांना डोंगर बघायचाय.

बाळीवेसची अक्का

सोलापूरहून

अक्का, नमस्कार. डोंगर पाहिजे असेल तर पुण्यालाच उतरा. चिडू नका, पण आपल्याकडं माळ आहे आणि पट्टा मारायला वाटेत झाडच नाही.

नान्नज धरू, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. मात्र २२ जण एकदम नकोत. तीन टोळ्या करा, तीन सकाळी जाऊ. वन विभागाची परवानगी मी काढतो. गेल्या वर्षी एका ग्रुपला घेऊन गेलो होतो, नाव घेत नाही. चाळीस माणसं आणि एकाच्या सॅकला स्पीकर लटकवलेला. आम्ही गाडीतून उतरेपर्यंत काळविटांचा कळप पार पलीकडं. मग सगळ्यांनी एकमेकांचे फोटो काढले आणि वर मलाच विचारलं, 'माळढोक कुठाय?' नेणारा मीच, त्यामुळं बोलायला तोंड नव्हतं.

माळढोकाचं आधीच सांगून ठेवतो. १९७९ साली त्याच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, सगळंच आलं होतं. पुढं ते छाटून १,२२२ वर आणलं. पक्षी आता दिसला तर दिसला. त्याच्या नावानं येऊ नका, भोवत्यांसाठी या.

भोवत्या म्हणजे शिकारी पक्षी, थंडीत उत्तरेकडून येतो. रात्री हा झाडावर बसत नाही, गवतात जमिनीवर झोपतो. उजाडलं की एकेक जण गवतातून वर येतो आणि पंख वर उचलून धरत, गवताच्या शेंड्याला घासून जावं इतक्या खालून फिरायला लागतो. आवाज अजिबात नाही. आपण पायवाट सोडली तर पाय पडणार थेट त्यांच्या अंथरुणावर. म्हणून वन विभागाचा माणूस पुढं आणि आपण एकामागं एक. तीन-चार किलोमीटर, साडेनऊच्या आत बाहेर. त्यानंतर ऊन चढतं आणि जनावर बसून घेतं.

आता बूट. जाळीचे आणू नका. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि त्याच्या कुसळाला पुढं टोक, मागं पीळदार शेपटी असते. दवाची ओल लागली की पीळ सुटायला लागतो आणि टोक आत आत शिरतं. बी जमिनीत रुजवायची त्याची ही सोय. घोटा काय आणि जमीन काय, त्याला सारखंच. आमच्याकडं माळावरून आलेल्या माणसाला आधी ओट्यावर बसवतात, कुसळं काढल्याशिवाय घरात घेत नाहीत.

लंडनहून

अरे, एवढं तिकीट काढून सपाटीवर चार किलोमीटर? आम्ही इथून वेल्सला जाऊन स्नोडन चढतो, १,०८५ मीटर! नळदुर्ग करू की. धबधबा तरी बघायला मिळेल.

सोलापूरहून

दादा, नर-मादी धबधबा पावसाळ्यात, बोरी भरून वाहायला लागली की. डिसेंबरात दगड बघाल. किल्ला जरूर बघा, पाणी महाल तर बघाच, पण ती चाल नव्हे.

पाय मोकळे करायचेच असतील तर दुसऱ्या दिवशी हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना जिथं भेटतात तिथं, काठाकाठानं जाऊ. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख आहे. त्याची शेवटची ओळ : 'वाछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल. तुमच्या मंडळाच्या मराठी शाळेतल्या ज्या पोराला ती दगडावरून वाचता येईल त्याला हुरडा माझ्याकडून. गुळभेंडी ज्वारीचा, आगटीतून काढलेला, गरम गरम हातावर चोळून. शेंगा चटणी घरची. (चटणी न वाचणाऱ्यांनाही मिळेल.)

अक्का, न्यू जर्सी

आमच्या पोरांना अजून 'छ' आणि 'घ' वेगळे ओळखता येत नाहीत. महिना आहे हातात, बसवते त्यांना. तीन टोळ्यांची नावं रविवारपर्यंत पाठवते. स्पीकरवाला आमच्यातही एक आहे, त्याला तिसऱ्या टोळीत घालते म्हणजे तोवर ऐकून ऐकून सुधारेल. मोजे लोकरीचे चालतील का?

सोलापूरहून

लोकरीत कुसळ जास्त अडकतं. साधे सुती आणा, तेही जुने. परत न्यायच्या लायकीचे राहणार नाहीत.