तिसरीच्या पॅटचे गुण वर पाठवून नेमकं काय होतं?

खडूफळा
मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. पहिली ते चौथी, चार वर्ग आणि आम्ही दोघं. पायाभूत चाचणीचे पेपर काल तपासून संपले. शाळेशी संबंध न येणाऱ्यांसाठी सांगतो: 2023-24 पासून आमच्यासारख्या शाळांतल्या मुलांना भाषा, गणित, इंग्रजीचा राज्यभर एकच छापील पेपर येतो. वर्षातून तीनदा: पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. सगळ्याला मिळून पॅट म्हणतात. तपासायचं आम्हीच आणि गुणही ऑनलाइन आम्हीच भरायचे.

तर 52 वजा 27. एका मुलीनं उत्तर लिहिलं 35. एकानं 79. एकानं जागा कोरी सोडली. तिघांना शून्य.

पण 35 बघा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. तिनं दोन्हीकडे मोठ्यातून लहान वजा केलंय. तिला वजाबाकी येते. दशक सोडून सुटे करायचे, हे तिला कुणी (कुणी म्हणजे मीच) नीट दाखवलेलं नाही. 79 वाल्यानं चिन्हच पाहिलं नाही. कोऱ्या जागेवाला दिवाळीआधी आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो, उन्हाळा लागल्यावर परत येतो. त्याला अजून दशकच कळलेला नाही.

तिघांचं तीन तऱ्हेचं काम आहे. वर जाताना मात्र तिघं सारखेच. म्हणून म्हणतो, पेपर जरूर घ्या, पण गुण मागू नका. पेपर वर्गातच राहू द्या.

सरळ_हिशोब
सर, लिहिता छान, पण याला जबाबदारी झटकणं म्हणतात. 2009 च्या कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, तेव्हाही हेच ऐकलं होतं: गुण नकोत, वर्णनात्मक नोंदी करू. माझ्या भाच्याच्या प्रगतिपत्रकावर चौथीपर्यंत ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभाग घेतो’. शेजारच्या मुलाच्या पत्रकावरही तेच वाक्य, त्याच शाईत. भाच्याला किराणा दुकानाच्या पाटीवरचं ‘क्षीरसागर’ वाचता येत नव्हतं. घरी कळलं पाचवीत. शेवटी राज्याला 2023-24 पासून पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आणावीच लागली ना? आमच्या पोराला काय येतं हे बाहेरच्या कुणीतरी सांगायला नको?

खडूफळा
बाहेरच्यानं सांगावं, मान्य. पण पॅट बाहेरचा नाहीच. मीच शिकवतो, मीच तपासतो, मीच भरतो. नवऱ्या मुलाचं स्थळ त्याच्या आईनंच बघून येण्यासारखं आहे हे. आसपासच्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्राच्या, यादीत शाळा खाली गेली की स्पष्टीकरण मला द्यावं लागतं. अशा वेळी दीडाचे दोन करायला हात किती वळवळतो ते विचारू नका.

ओट्यावरची_चाचणी
कॉलेजात असताना असरच्या, म्हणजे गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या, सर्वेक्षणाला दोनदा गेले आहे. सरांची 35 वाचून हसू आलं, कारण आमच्याकडेही हीच वजाबाकी असायची, दोन अंकी, हातच्याची. शाळेत नाही, घरी. गावातली वीस घरं, ओट्यावर बसायचं, एका वेळी एकच मूल. वाचायला आधी परिच्छेद, तो जमला तर गोष्ट, अडखळला तर शब्द, मग अक्षरं. देशभरच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या मुलांपैकी वजाबाकी जमणारी 2022 मध्ये 25.9 टक्के होती, 2024 मध्ये 33.7. म्हणजे तेव्हाही तिनातल्या दोघांना येत नव्हती. हा आकडा कुणी बाहेर काढलाच नसता तर तुम्ही-आम्ही एकेका मुलीच्या 35 वर हळहळत बसलो असतो. त्यामुळे आकडे वर जायलाच हवेत, फक्त ते शिक्षकाच्या हातून नकोत. आणि एकाही शाळेचं नाव न लावता.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. इथे तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी राज्याची परीक्षा असते आणि शाळेचे निकाल कुणालाही बघता येतात. आपली मंडळी घर घेताना आधी ते बघतात, मग स्वयंपाकघर. (आम्हीही तेच केलं. इथे सोवळं दाखवण्यात अर्थ नाही.) पण नाव लावलं की काय होतं तेही याच देशात दिसलं. अटलांटात शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली. 2011 च्या चौकशी अहवालात 44 शाळा आणि 178 शिक्षक-मुख्याध्यापक होते. 2015 मध्ये अकरा जण दोषी ठरले. सरांचा हात वळवळतो म्हणतात, तिथे वळवळून झाला होता.

सरळ_हिशोब
चोर निघाले म्हणून तराजूच नको? तपासणी शाळाशाळांत अदलाबदल करून घ्या. सोपं आहे.

केंद्रशाळेतली_बाई
सर, मी तुमच्याच बाजूची, पण इथे तुमच्या विरोधात. गेल्या वर्षी आमच्या केंद्राचे गुण एकत्र मांडले तर सात शाळांची मुलं भागाकारातच पडलेली. प्रत्येकाला वाटत होतं आपलाच वर्ग कच्चा. मग पुढच्या शिक्षण परिषदेत नेहमीचं परिपत्रक-वाचन बाजूला ठेवून दोन तास भागाकार घेतला, चिंचोके घेऊन. पेपर वर्गातच राहिले असते तर हे दिसलं असतं का? तुमची 35 सुद्धा तुमच्या एकट्याच्या वर्गातली आहे असं समजू नका. आणि अदलाबदलीचं म्हणाल तर एका खोलीत चार वर्ग सांभाळणारा शिक्षक गठ्ठे घेऊन कधी जाणार, तेही त्या हिशोबवाल्या दादांनी सांगावं.

खडूफळा
बाई, केंद्रापर्यंत गेलेलं मला चालेल. तिथे तुम्ही पेपर हातात घेता, 35 आणि 79 शेजारी ठेवून बघता. त्याच्या वर मात्र नुसता आकडाच उरतो. आणि संकलित एक असते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला, नेमकी टोळ्या कारखान्यावर निघायच्या वेळी. आमच्या पटावरचे सहा-सात जण तेव्हा नसतातच. त्यांच्याविना वर्गाची सरासरी चांगली वर जाते! त्यावर एकदा मला ‘प्रगती दिसते’ असा शेराही मिळाला आहे.

सरळ_हिशोब
हे माहीत नव्हतं. गैरहजर मुलं वेगळी दाखवायलाच हवीत. तरी गुण बंद करा, याला माझा विरोध कायम. बरं, त्या 35 वालीचं पुढे काय केलंत?

खडूफळा
दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे दिले, दोन सुट्या. म्हटलं, 27 काढ. आधी दोन गठ्ठे बाजूला केले, मग दोन सुट्या उचलल्या. अजून पाच हव्यात हे बोटांवर मोजलं तिनं, आणि गठ्ठ्याच्या रबराला हात लावून माझ्याकडे बघत बसली, सोडू की नको. मी गप्प. तेवढ्यात शेजारच्यानं ओढून रबरच तोडलं. उद्या परत घ्यायचंय.