मोहोळ जाळू नका

सज्जाखालचं मोहोळ रात्री मशाल लावून जाळावं, असं काहीजण सुचवतात. कृपा करून तसं करू नका. सज्जाखाली एकच मोठं उघडं पोळं लटकत असेल तर ते आग्या मोहोळ. आग लागली की माशा चवताळून अख्ख्या गल्लीला डसतात. फुलं सरली की त्या आपणहून निघून जातात. तोवर धीर धरवत नसेल तर जाणता मधपाळ बोलवा.

आमच्याकडे नागपुरात धरमपेठेत एप्रिल-मेमध्ये मोहोळ नसतानाही माशा येतात, थेट कूलरवर. ओल्या वाळ्याच्या ताटीवर बसून पाणी पितात, पोट सारखं खालीवर होत असतं. मी गच्चीच्या कठड्यावर परळात खडे घालून पाणी ठेवते. आता बहुतेक तिकडेच जातात. बिचाऱ्या तहानेल्याच असतात हो!

डसलीच तर काटा लगेच नखाने खरवडून काढा, कारण तुटलेली पिशवीही आत विष ढकलत राहते. माशी चिरडू नका, त्या वासाने बाकीच्या धावून येतात. मागे लागल्या तर घरात पळा, दारं लावा. जीभ सुजली किंवा श्वास लागला तर चुना-हळद करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.