उद्यमबागेतले मशीन शॉप आणि रविवारचे रान: अल्ट्रा २ घ्यावे की सिरीज १०?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत माझे लहानसे मशीन शॉप आहे आणि महिन्यातले दोन रविवार आम्ही चौघे मित्र जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात दिवसभर चालतो. आयफोन आधीपासून असल्यामुळे घड्याळही ॲपलचेच घ्यायचे ठरले आहे. प्रश्न एवढाच की ॲल्युमिनियमचे सिरीज १० घ्यावे की टायटॅनियमचे अल्ट्रा २. बाजारात आली तेव्हा पहिल्याची किंमत ४६,९०० रुपयांपासून सुरू होत होती आणि दुसऱ्याची ८९,९०० होती. गेल्या वर्षी ग्राइंडिंग करताना स्वस्तातल्या घड्याळाची काच खराब झाली, म्हणून मन मजबूत घड्याळाकडे ओढते आहे. घरातून मात्र "दुचाकीचे पैसे मनगटावर बांधणार का?" अशी विचारणा झाली आहे.

खानापूरचा भटक्या
दादा, मी दीड वर्षापासून अल्ट्रा २ वापरतो आहे. त्याचा खरा उपयोग रानात होतो, कारण त्यातले जीपीएस एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर चालते आणि दाट झाडीत किंवा कड्यालगत परावर्तित होऊन आलेल्या सिग्नलमुळे होणारी चूक त्यामुळे पुष्कळ कमी होते. सिरीज १० मध्ये ही सोय नाही. आमच्या एका फेरीत मित्राच्या साध्या घड्याळाने आम्हाला सलग ओढ्याच्या पात्रातून चालवल्याचे नकाशावर दाखवले, प्रत्यक्षात आम्ही काठावरच्या पायवाटेवर होतो. बॅटरीही कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३६ तास, म्हणजे सिरीज १० च्या दुप्पट. तरीही रात्रीचा मुक्काम नसेल, तर एवढे पैसे घालावेत असे मी म्हणणार नाही. घाटात मोबाइलची रेंजच जाते, तेव्हा घड्याळातल्या सेल्युलरवरही भिस्त ठेवू नये.

लेथवरचे काका
बाळा, मी ३० वर्षे लेथवर काढली आहेत, म्हणून रानाचे सोडून कारखान्यापुरते सांगतो. फिरत्या चकजवळ, म्हणजे लेथवर धातूचा तुकडा पकडून फिरवणाऱ्या जबड्याजवळ, मनगटावर काहीही नको, मग ते ९०० रुपयांचे असो की ९०,००० चे. पट्टा अडकला तर घड्याळ टिकेल, हात टिकणार नाही. अल्ट्राची काच सफायरची आहे हे खरे, पण सफायर म्हणजे स्फटिकरूपातला ॲल्युमिनियम ऑक्साइडच, आणि आपल्या ग्राइंडिंग व्हीलमध्येही बहुधा तोच असतो. सिलिकॉन कार्बाइडचे व्हील तर त्याहून कठीण. तेव्हा ग्राइंडरची धूळ त्या काचेवरही ओरखडे उठवू शकते. ज्या कामासाठी तू मजबूत घड्याळ शोधतो आहेस, त्या कामाच्या वेळी ते हातात असताच कामा नये.

निपाणीची ताई
काकांचे म्हणणे पटले. माझ्याकडे ४६ मिलिमीटरचे सिरीज १० आहे. त्याचे वजन सुमारे ३६ ग्रॅम, तर अल्ट्रा २ चे ६१ ग्रॅमच्या वर. झोपेची नोंद ठेवायची असेल, तर हा फरक रात्री चांगलाच जाणवतो. पावसाची काळजी दोन्हींत नको, कारण सिरीज १० पोहण्यालाही चालते. अल्ट्राचा १०० मीटरचा जलरोधक दर्जा आणि ४० मीटरपर्यंतचे डायव्हिंग यांचा आपल्याला उपयोग तो काय? मात्र साबण आणि कूलंट (यंत्रावर काम करताना वापरायचे थंडावा देणारे द्रव) यांपासून दोन्ही जपावीत, कारण पाणी अडवणारे सील कालांतराने कमजोर होतात. उणीव म्हणाल तर बॅटरीची: सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत चालण्याची नोंद सुरू ठेवली, की संध्याकाळी मी चार्जर शोधतेच. पण साधारण अर्ध्या तासात ते ८० टक्क्यांपर्यंत भरते, त्यामुळे अंघोळ आणि चहा होईपर्यंत काम भागते.

टिळकवाडीकर
सर्वांचे आभार. काल कॅम्पातल्या दुकानात रेनकोट घालूनच गेलो आणि दोन्ही घड्याळे बांधून पाहिली. ४९ मिलिमीटरच्या अल्ट्रावर बाही दर वेळी अडकत होती, आणि दुकानातला पोरगा हसू दाबत होता. आम्ही मुक्कामाला जात नाही, त्यामुळे सिरीज १० घेतले आणि चालताना जवळ पॉवर बँक ठेवायची असे ठरवले. नकाशावर ओढ्यातून चाललो तरी चालेल. काकांचे वाचून आठवले, की वडील लेथ सुरू करण्याआधी आपले एचएमटी काढून स्विचबोर्डाशेजारच्या खिळ्याला अडकवत असत. तो खिळा अजून तिथेच आहे. आज सकाळी नवे घड्याळ त्यालाच लावले.