व्हर्च्युअलायझेशन (एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणं) कमी खर्चात शिकायचं आहे, घरी काय मांडू?

प्रश्न:
नमस्कार. मी कोथरूडला राहतो, भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांचे सर्व्हर एकट्याने सांभाळतो. आजवर सगळं व्हीएमवेअर कंपनीच्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरवर चाललं. 2023 च्या अखेरीस ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली, कायमस्वरूपी परवाने विकणं थांबलं. आता ग्राहक विचारतात, "साहेब, दुसरं काही आहे का?" क्लासची फी मला झेपत नाही.

उत्तर:
मीही एकटाच, हडपसरला. बुधवार पेठेतून ऑफिसात वापरलेला जुना डेस्कटॉप आणला आणि रॅम 32 जीबी केली. प्रोसेसर जुना चालेल, रॅममध्ये हात आखडू नका. त्यावर प्रॉक्समॉक्स हे व्हर्च्युअलायझेशनचंच सॉफ्टवेअर टाका. वर्गणी न भरताही सगळ्या सोयी मिळतात, फक्त रिपॉझिटरी (जिथून अपडेट येतात ती जागा) नो-सबस्क्रिप्शनची निवडा. मग त्याच्याच पोटात तीन प्रॉक्समॉक्स व्हीएम (आभासी संगणक) करून त्यांचा क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारा गट, बांधा. तीन अशासाठी, की एक पडला तरी दोघांचं बहुमत उरतं. दोनच असले तर एक जाताच कोरम, म्हणजे हे लागणारं बहुमत, जातो. मुद्दाम एक बंद करून बघा, तेव्हाच ते डोक्यात बसतं. आणि बॅकअप परत उभा करायचा सराव दर आठवड्याला करा. माझ्या एका ग्राहकाचा बॅकअप रोज होत होता, पण गरज पडली तेव्हा तो उघडेना. ती रात्र मी विसरलेलो नाही.

उत्तर २:
विंडोजवाले ग्राहक असतील तर विंडोज सर्व्हरमधलं व्हर्च्युअलायझेशन, हायपर-व्ही, तेही शिका. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती 180 दिवस फुकट चालते. व्हीएमवेअरचं मोफत ईएसएक्सआयसुद्धा एप्रिल 2025 मध्ये परत आलं, मात्र ते व्हीसेंटरला (अनेक सर्व्हर एका जागेवरून सांभाळायचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) जोडता येत नाही.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार, दादा. उद्याच बुधवार पेठेत जातो.