२० यूएसडीटीचा मोफत कॅसिनो बोनस घेण्यासारखा आहे का?

निपाणीकर

नमस्कार. माझा मावसभाऊ बेळगावात उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात एका क्रिप्टो कॅसिनोची लिंक टाकली असून, तिच्यावरून खाते उघडल्यास एक पैसाही न भरता २० यूएसडीटी (प्रत्येकी साधारण एका डॉलरच्या किमतीची क्रिप्टो नाणी) मिळतात आणि लिंक पाठवणाऱ्यालाही तेवढेच मिळतात, असे तो सांगतो. मी अटींचे पान शेवटपर्यंत वाचले. बोनसच्या ४० पट रकमेच्या पैजा सात दिवसांत पूर्ण करायच्या, एका डावाला २ यूएसडीटीपेक्षा जास्त लावायचे नाहीत, कितीही जिंकले तरी ५० यूएसडीटीच काढता येतील, आणि पहिल्यांदा रक्कम काढण्यापूर्वी खात्याच्या ‘पडताळणीसाठी’ २५ यूएसडीटी भरावे लागतील. पानाच्या तळाशी कुरासाओ या कॅरिबियन बेटावरील परवान्याचे चिन्ह आहे. ‘फुकटचे आहे, गमावण्यासारखे काय आहे?’ हा भावाचा प्रश्न, आणि त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही. जुगार वाईट असतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. मला हवा आहे तो हिशेब.

शहापूरचा हिशेबनीस

हिशेब अवघड नाही. २० च्या ४० पट म्हणजे ८०० यूएसडीटीच्या पैजा. स्लॉट खेळांचा (चित्रांची चाके फिरवण्याच्या खेळांचा) परतावा साधारण ९६ टक्के धरला, तर लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी ४ कॅसिनोकडे राहतात; म्हणजे ८०० च्या पैजा पुऱ्या करताना सरासरी ३२ जातात आणि तुमच्या हाती मुळात २० च आहेत. यावरून एक कसोटी निघते. कॅसिनोचा वाटा ४ टक्के असेल, तर पंचवीस पटीच्या अटीला बोनस आणि अपेक्षित तोटा समसमान होतात. त्यापुढची प्रत्येक पट कॅसिनोच्या फायद्याची. शिवाय एकच स्लॉट खेळ ९६, ९४ किंवा त्याहूनही कमी परताव्याच्या आवृत्त्यांमध्ये कॅसिनोंना पुरवला जातो आणि कोणती आवृत्ती चालवायची हे कॅसिनो ठरवतो. परतावा ९४ टक्क्यांवर आला, की ती पंचवीस पटीची सीमा सतरा पटीच्याही आत येते.

आता भावाची बाजूही मांडतो, कारण तिच्यात तथ्य आहे. बिनपैशाच्या बोनसमध्ये शिल्लक शून्याखाली जात नाही, त्यामुळे ३२ चा तोटा तुमच्या खिशातून जात नाही. बहुतेकांची शिल्लक मध्येच संपते आणि थोड्यांची टिकते. पण जे टिकतात त्यांच्या हाती ५० पेक्षा जास्त पडू द्यायचे नाही, यासाठीच ती कमाल मर्यादा आहे. दहांतला एक जण शेवटपर्यंत पोहोचतो आणि पूर्ण ५० काढतो, असे उदारपणे धरले तरी या बोनसची सरासरी किंमत ५ यूएसडीटी, म्हणजे चार-साडेचारशे रुपये होते. त्यासाठी २० सेंटच्या पैजेने चार हजार डाव खेळावे लागतात. एका डावाला पाच सेकंद धरले तरी साडेपाच तास झाले. आणि ही किंमत मिळवण्यापूर्वी २५ यूएसडीटी भरायचे आहेत! पाच मिळण्याच्या आशेवर पंचवीस आगाऊ देण्याचा व्यवहार आपल्या खडेबाजारातला कोणताही दुकानदार करणार नाही.

रुलेट (आकड्यांच्या फिरत्या चाकावरचा खेळ) खेळून अट लवकर उरकू, असाही विचार मनात येतो, कारण एक शून्य असलेल्या रुलेटवर कॅसिनोचा वाटा २.७ टक्केच असतो. मात्र बहुतेक ठिकाणी रुलेटची पैज अटीत दहाच टक्के मोजली जाते, काही ठिकाणी मुळीच नाही. मग ८०० ची अट ८,००० ची होते आणि सरासरी तोटा २१६.

चोर्लामार्गे

मी गोव्यातील कॅसिनोत गेलेलो आहे, त्यामुळे सोवळेपणाचा आव आणणार नाही. मांडवीतल्या बोटीवर हरलात तर हरलात, पण जिंकल्यावर तिथल्या काउंटरवर चिप्स देऊन पैसे घेता येतात. येथे मात्र जिंकल्यानंतर तुमची उलटतपासणी सुरू होते. निपाणीकर, आपण अटींमध्ये बंदी असलेल्या देशांची यादी पाहिली का? तिच्यात भारत असेल, तर खाते उघडताना कोणी अडवत नाही, बोनसही जमा होतो. रक्कम काढताना आधार मागितले जाते, पत्ता बेळगावचा निघतो आणि जिंकलेली रक्कम नियमभंगाच्या कारणावरून रद्द होते. व्हीपीएन (आपले ठिकाण लपवणारी सोय) वापरून आत शिरलेल्यांचे तर हमखास असेच होते.

‘प्रोव्हेबली फेअर’ (खेळाचा प्रामाणिकपणा पडताळता येतो) या शब्दांवर भाऊ भर देत असतील, तर त्यांचाही अर्थ लक्षात घ्यावा. डावाआधी कॅसिनो आपल्या गुप्त बीजाचा, म्हणजे निकाल ज्यावरून ठरतो त्या आकड्याचा, हॅश (डिजिटल ठसा) जाहीर करतो आणि नंतर ते बीज उघड करतो, म्हणून पैज लागल्यावर निकाल बदलला नाही एवढे ताडून पाहता येते. कॅसिनोचा वाटा त्यामुळे कमी होत नाही आणि रक्कम मिळेलच याची हमीही त्यात नसते. परवान्याच्या चिन्हाबद्दल एवढेच, की ते दाबल्यावर कुरासाओच्या नियामकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील नोंद उघडली नाही, तर ते केवळ चित्र आहे.

वडगावकर ताई

मला ‘पडताळणीसाठी २५ यूएसडीटी’ या ओळीपुढे वाचण्याची गरज वाटली नाही. तुमचेच पैसे सोडवण्यासाठी आधी पैसे भरा, ही फसवणुकीची जुनी आणि सरसकट वापरली जाणारी रीत आहे. खोट्या कॅसिनोंत पडद्यावरची शिल्लक हा नुसता आकडा असतो. पडताळणीचे पैसे भरले की कराचे मागतात, कराचे भरले की नेटवर्क शुल्काचे, आणि माणूस भरणे थांबवेपर्यंत हे चालूच राहते.

दुसरी सूचना. खाते उघडताना वॉलेट (क्रिप्टो ठेवण्याचे ॲप) जोडायला सांगितले असेल, तर कशाला मंजुरी दिली हे आजच तपासावे. ‘अप्रूव्ह’ असे दिसणारे एक बटण दाबले, की त्या वॉलेटमधील यूएसडीटी हवे तितके उचलण्याचा कायमचा अधिकार समोरच्याला मिळू शकतो. संकेतस्थळ बंद केल्याने तो संपत नाही, ती मंजुरी वेगळी रद्द करावी लागते. बारा किंवा चोवीस शब्दांचे सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची गुप्त किल्ली, कोणी मागितले, तर मागणारा चोर आहे असेच समजावे.

पतसंस्थेतला

वरची मंडळी कॅसिनोपर्यंत थांबली. पुढचा टप्पा मला जास्त धोक्याचा वाटतो. समजा, ५० यूएसडीटी खरोखरच मिळाले. त्यांचे रुपये करण्यासाठी बहुतेक जण टेलिग्रामवर किंवा पीटूपीमध्ये (थेट माणसामाणसांतील खरेदी-विक्रीत) अनोळखी माणसाला ते विकतात. तो माणूस जे साडेचार हजार रुपये पाठवतो, ते दुसऱ्या राज्यातील एखाद्याला फसवून मिळवलेले असू शकतात. फसलेल्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली, की पैसा ज्या-ज्या खात्यांतून फिरला ती गोठवली जातात, आणि पगार जमा होणारे खाते दूरच्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून अडकून पडते. ते मोकळे करून घेण्यासाठी त्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि पैसे कशाचे आले हे लिहून देताना ऑनलाइन कॅसिनोचे नाव घ्यावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या एका तरुण सभासदाचे बँकखाते असेच गोठले, तेव्हा त्याच्या कर्जाचा हप्ता थकला. विकलेल्या यूएसडीटीची रक्कम हप्त्याहूनही लहान होती.

कराचेही सांगतो. ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे. क्रिप्टोच्या विक्रीतील नफ्यावरही १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के असून, त्यात एका व्यवहाराचा तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही.

निपाणीकर

सर्वांचे आभार. यादी पाहिली; भारत तिच्यात आहे. भाऊ आता म्हणतो, की कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑनलाइन खेळांवरील बंदी उठवलेली असल्यामुळे कायद्याची भीती नाही. हे खरे आहे का?

शहापूरचा हिशेबनीस

अर्धे खरे आणि जुने. २०२१ मध्ये कर्नाटकाने पोलीस कायद्यात केलेल्या दुरुस्तीतील तरतुदी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केल्या, पण तो वाद कौशल्याच्या खेळांचा होता. स्लॉट आणि रुलेटमध्ये कौशल्य कुठले? त्यानंतर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा मंजूर केला. त्यात कौशल्य आणि नशीब असा भेद ठेवलेला नाही, आणि पैशात बदलता येणारी टोकन पणाला लावली तरी तो पैशाचाच खेळ धरला जातो. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. खेळ पुरवणाऱ्याला मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

भावाला यातील शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला द्यावे. लोकांना खेळायला प्रवृत्त करणारी जाहिरात कायद्याने निषिद्ध असताना, दर माणसामागे २० यूएसडीटी मिळवण्यासाठी गटागटांत लिंक पाठवणे हे खेळण्याहून जोखमीचे आहे. गटातला संदेश त्यांनी आधी काढावा.

वडगावकर ताई

आणि त्यांनी आधार-पॅनची छायाचित्रे आधीच चढवली असतील, तर संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहावे आणि आपला क्रेडिट अहवाल मागवून त्यात अनोळखी कर्ज नाही ना, हे काही महिने तपासत राहावे. २५ यूएसडीटी भरून झाले असतील, तर १९३० वर लगेच तक्रार नोंदवावी. बेळगावात त्यासाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचे) पोलीस ठाणेही आहे. व्यवहाराचा हॅश (त्याची ओळख पटवणारा क्रमांक), ज्या वॉलेटला पाठवले त्याचा पत्ता आणि अटींच्या पानाची छायाचित्रे जपून ठेवावीत, कारण अशी पाने लवकर गायब होतात.