शाळांना रोबोटिक्सचे संच द्यावेत की शिक्षकांचा वेळ?

खडूफळा
तंत्रज्ञान कंपन्या शाळांना विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणासाठी मदत करतात ती बहुतेकदा वस्तूंच्या रूपात: रोबोटिक्सचे संच, टॅबलेट, एखादी चकाचक प्रयोगशाळा. माझं मत स्पष्ट आहे. वस्तूंवरचा खर्च निम्म्यावर आणावा आणि उरलेले पैसे शिक्षकांचं प्रशिक्षण, सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी ठेवावेत. ‘मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेत पेरूच्या ग्रामीण शाळांत काय झालं ते बघा. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या २०१२ च्या अभ्यासानुसार तिथे दर मुलामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक पडल्याचा पुरावा सापडला नाही.

सोल्डरगन
अभ्यासाचा अर्धाच भाग सांगितलात. आकृतिबंध ओळखणं, शब्दसंपदेचा ओघ यांसारख्या सामान्य बौद्धिक चाचण्यांत काही चांगला परिणाम त्याच अभ्यासात दिसला होता. आणि तिथे वाटले लॅपटॉप, ज्यांवर स्वतः काही जोडायचं नव्हतं. ब्रिटनमध्ये २०१६ साली ११-१२ वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांना मायक्रोबिट, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, मोफत मिळाला. बीबीसीच्या त्या उपक्रमात आर्म, मायक्रोसॉफ्ट, सॅमसंग अशा कंपन्या होत्या. बोर्ड मुलाच्या हातात, घरी नेता येणारा. वीज फळ्यावर शिकवून समजत नाही, तार जोडून दिवा लागला की समजते.

माझी तक्रार संच कसा भरतात याबद्दल आहे. ४० मुलांच्या वर्गाला दोघांत एक म्हणून २० बोर्ड देतात आणि केबलही २०. सगळ्यात आधी केबल जातात! २० बोर्डांवर ४ जादा बोर्ड आणि ४० केबल हव्यात. त्याही डेटाच्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्डावरचा दिवा लागतो पण संगणकाला बोर्ड दिसत नाही, आणि अर्धा तास ड्रायव्हर शोधण्यात जातो.

खडूफळा
हे सगळं कुणी तरी शिक्षकाला सांगायला हवं ना, मी तेच म्हणतोय. संचात छोटी सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर) असते. तिची तार मायक्रोबिटच्या ३ व्होल्टच्या पिनला लावतात. बाहेरच्या भागांसाठी जुन्या बोर्डातून साधारण ९० मिलिअँपिअर वीजप्रवाह आणि नव्यातून १९० मिळतात. मोटर सुरू होताना किंवा अडकली की काहीशे मागते. व्होल्टेज खाली बसतं, बोर्ड रीसेट होतो, मोटर पुन्हा झटका मारते, पुन्हा रीसेट. मुलं आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात, प्रोग्रॅम मात्र बरोबर असतो.

उपाय सोपा आहे: मोटरला ३ एए सेलचा वेगळा डबा, आणि त्या डब्याची ऋण तार बोर्डाच्या ग्राउंड पिनला जोडायची. ही शेवटची जोडणी विसरली की मोटर नुसती थरथरते. शिक्षकाला हे माहीत नसेल तर तास वाया जातो, आणि दोन-तीन तास असे गेले की संच कपाटात जातो.

जुनीतार
दोघांनीही वस्तूंच्या आयुर्मानाचा मुद्दा सोडलाय. गूगलचं एक्सपीडिशन्स (वर्गात बसून आभासी सहली घडवणारं) ॲप २०२१ च्या जूनअखेर बंद झालं. त्यासाठी घेतलेले कागदी चष्मे शाळांकडे पडून राहिले असणार. लेगोने माइंडस्टॉर्म्स ही रोबोटिक्स संचांची मालिका २०२२ अखेर थांबवली. क्रोमबुकची (गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपची) अद्यतनं १० वर्षं मिळतात, पण ती मोजतात मॉडेलचा मूळ प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून, शाळेला मिळाल्यापासून नाही. म्हणून देणगी घेण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारावेत. इंटरनेट नसताना चालेल का? खातं न उघडता चालेल का? कंपनीने साथ सोडली तर दुसऱ्या कुणाचे भाग त्यात बसतील का? मायक्रोबिट इथे पास होतो, कारण तयार हेक्स फाइल (बोर्डाला समजणाऱ्या रूपातला प्रोग्रॅम) संगणकात पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या बोर्डाच्या ड्राइव्हवर टाकली की झालं. (रीसेटचं बटण दाबून धरून केबल जोडली तर मेंटेनन्स नावाचा ड्राइव्ह उघडतो आणि प्रोग्रॅम चढत नाही. केबल काढून, बटणाला हात न लावता परत जोडावी.)

सोल्डरगन
जुनीतार, प्रश्न चांगले आहेत, तिन्ही करारात घालावेत. पण खडूफळा, निम्मे पैसे प्रशिक्षणाला हे मला पटत नाही. हातात बोर्ड नसताना घेतलेलं प्रशिक्षण महिन्याभरात विसरलं जातं. संच आणि प्रशिक्षण एकाच पंधरवड्यात यावं, पहिल्या वर्षी ७० टक्के संचाला आणि ३० प्रशिक्षणाला, पुढे उलटं.

खडूफळा
पुढच्या वर्षी उलटं करायला कंपनी थांबते कुठे? पहिल्या वर्षीच फोटो आणि ‘इतक्या मुलांपर्यंत पोहोचलो’ हा आकडा मिळालेला असतो. अभियंत्यांच्या एका दिवसाच्या कार्यशाळेचंही तेच. मुलं खूश होतात, पण शिक्षक मागच्या बाकापाशी उभा असतो. एका अभियंत्याने पूर्ण सत्र दोनच शिक्षकांसोबत काम करावं, आणि तास शिक्षकानेच घ्यावा. मोजायचंच तर सहा महिन्यांनी मोजा: किती बोर्ड चालू आहेत आणि कंपनीचा माणूस नसताना किती तास झाले.

सोल्डरगन
मोजमाप मान्य. पण चालू बोर्डांचा आकडा एकटा धरू नका. कुणी हातच लावला नाही तर सगळे चालूच राहतात. किती केबल आणि सेल नवे मागवले, तेही त्याच तक्त्यात लिहा.